एकतीस नावांची वही : परदेश-सेवा समितीस खुले पत्र

आदरणीय फादर, पालकीय परिषदेचे सदस्य आणि परदेश-सेवा समितीतल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

सप्रेम जय ख्रिस्त.

मिशन रविवारी चर्चमधल्या दुसऱ्या मिस्साहून बाहेर पडले आणि दाराशी लावलेला फलक पाहिला. ‘चला, पुन्हा केनियाला! सेवेचे बारा दिवस.’ एका कोपऱ्यात संत गोन्सालो गार्सियांचं चित्र, खाली नाव नोंदवायचा फोन नंबर, आणि मधोमध माणसाच्या उंचीएवढा एका मुलीचा फोटो. सहा-सात वर्षांची असेल. डोळ्यांत पाणी, गुडघ्यावर पांढरी पट्टी. फोटोखाली ओळ : ‘या अनाथ लेकरांना तुमचा हात हवा.’

ती पट्टी मी बांधलेली आहे. फोटो काढताना तिला कोणी विचारलं नव्हतं, हेही मला पक्कं आठवतं, कारण मी तिच्या पायाशी बसले होते.

मार्चमध्ये मी समितीला सहा पानांचा अहवाल दिला. बैठकीत तो ‘नोंद घेतली’ एवढ्यावर मिटला. त्यानंतर तीनदा वेळ मागितली. आधी उपवासकाळ होता, मग पहिल्या कम्युनियनची गडबड, मग पाऊस. (पावसाचा आणि बैठकीचा संबंध मला अजून लागलेला नाही, सभागृहाचे पत्रे चांगले आहेत.) आता तोच दौरा, तीच गावं, तेच बालगृह, फक्त अठराऐवजी चोवीस माणसं, असं ठरवून आपण मोकळे झालात. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. धर्मग्रामाचं (पॅरिशचं) नाव मुद्दाम घालत नाही. वसईत असे दौरे काढणारे आपण एकटे नाही, आणि मला कोणाची फजिती करायची नाही.

मी चौतीस वर्षं याच तालुक्यात नर्स म्हणून काम केलं. निवृत्त झाल्यावर गेल्या जानेवारीत तुमच्या तुकडीबरोबर गेले. वर्गणी भरली, पिवळ्या तापाची लस घेतली, पंधरा किलो औषधं माझ्या बॅगेतून नेली. तेव्हा पुढे जे लिहिते त्यातला बराच भाग माझ्याच खात्यावर आहे.

दौऱ्याच्या मी विरोधात नाही, हेही आत्ताच सांगते, नाहीतर बाकीचं सगळं म्हातारीची कुरकुर म्हणून बाजूला पडेल. त्या किनाऱ्याने मला भरपूर दिलं. मोम्बासाला पोर्तुगीजांचा फोर्ट जीझस पाहिला, १५९३ साली बांधायला घेतलेला. आमच्यातला एक मुलगा भिंतीला हात लावून म्हणाला, “आंटी, हा तर आपलाच किल्ला!” पुढे, जिथे आमचं काम होतं त्या किलिफीपर्यंत, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नारळ, आंबा, काजू, खाडीत तिवरं, घरांवर झावळ्यांची छपरं. चपातीला तिकडे चपातीच म्हणतात, गाडीला गारी, दुकानाला दुका. रविवारची मिस्सा तीन तास चालली आणि एकालाही घड्याळाकडे बघावंसं वाटलं नाही. दुसऱ्या दिवसापासूनच आम्हाला वाटायला लागलं की इथलं सगळं आपल्याला कळतं. आमच्या चुका तिथून सुरू झाल्या.

आता तक्रारी.

सगळ्यात मोठी वैद्यकीय शिबिराची. दोन दिवसांत चारशेच्या आसपास माणसं तपासली असं आपण अहवालात छापलंत. आकडा खरा आहे. पण तपासणं म्हणजे काय केलं? उन्हात दोन-दोन तास रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाचा रक्तदाब एकदाच मोजला आणि जास्त दिसला की गोळी दिली. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलीलाही ठाऊक असतं की माणसाला बसवावं, पाच मिनिटं जाऊ द्यावीत, पुन्हा मोजावं, आणि दुसऱ्या दिवशी परत बोलवावं. परत बोलवायला आमच्याकडे दिवसच नव्हता.

त्याहून वाईट पुढचं आहे. बऱ्याच जणांना तिथल्या सरकारी दवाखान्यातून हायड्रोक्लोरोथायझाइड सुरू होती. स्वस्त, साधी, बिनझगमगाटाची गोळी. आमच्या बॅगांत होते टेल्मिसार्टन या दाबाच्याच दुसऱ्या गोळीचे नमुने, मुंबईतल्या डॉक्टरांनी टेबलाच्या खणातून काढून दिलेले. आमच्या तरुण डॉक्टरांनी चांगल्या मनाने ‘ही बंद करा, ही घ्या’ असं सांगितलं आणि पंधरा दिवसांच्या पट्ट्या दिल्या. चिठ्ठ्या मी लिहिल्या. चकचकीत पाकिटातली परदेशी गोळी हातात आल्यावर जुनीकडे कोण बघणार? पंधरा दिवसांनी पाकीट संपलं. लोक दवाखान्यात परत गेले नाहीत, कारण भारतातले डॉक्टर पुन्हा येणार असं त्यांनी आमच्याच तोंडून ऐकलं होतं. तिथल्या नर्सने फेब्रुवारीत मला व्हॉट्सॲपवर विचारलं, “तुम्ही कोणाकोणाच्या गोळ्या बदलल्यात?” तिला एक बाई भेटली होती, वरचा दाब दोनशेच्या पुढे गेलेला.

जुन्या सवयीने मी स्वतःची वही ठेवली होती. मोजलं. एकतीस नावं निघाली.

औषधं दान कशी करावीत याची जागतिक आरोग्य संघटनेची सूत्रं १९९६ पासून छापील आहेत. घेणाऱ्याने मागितलेलंच द्या. पोहोचेल तेव्हा निदान एक वर्षाची मुदत शिल्लक असू द्या. डॉक्टरांना मिळालेले फुकट नमुने देऊ नका. आम्ही तिन्ही मोडली. निघण्याआधी हे वाचायला अर्धा तास पुरला असता; माझाही अर्धा तास त्यात धरा, मीही वाचलं नाही.

परवान्याचं विचारलं तेव्हा मला सांगण्यात आलं की तिकडच्या फादरांनी सगळं बघितलं आहे. केनियात बाहेरच्या नर्सला काम करायचं तर तिथल्या नर्सिंग कौन्सिलची तात्पुरती नोंदणी लागते. आमच्यापैकी एकाहीकडे कसलीही नोंदणी नव्हती. आम्ही फिरायला आलेल्या पाहुण्यांच्या कागदांवर आत शिरलो होतो. उलटं करून बघा. नैरोबीची एखादी तुकडी होळीच्या मैदानात मांडव घालून बसली आणि आपल्या आयाबायांच्या गोळ्या बदलायला लागली, तर महाराष्ट्र परिचर्या परिषद सोडाच, आपली धर्मग्राम परिषद तरी गप्प बसेल का?

दुसरी तक्रार भाषेची. ही आपल्याला किरकोळ वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझी नोकरी लागली तेव्हा मुंबईहून एक हुशार डॉक्टर आले होते. कादोडी (आमच्या वसईची बोली) बोलणाऱ्या म्हाताऱ्या त्यांच्यापुढे बसायच्या, पोटावर हात ठेवून काहीतरी सांगायच्या आणि डॉक्टर ॲसिडिटीची गोळी लिहायचे. त्या बायका पोटाबद्दल बोलत नसायच्या. सून बोलत नाही, जीव आत ओढतो, रात्री झोप लागत नाही, असं काहीबाही असायचं. डॉक्टर मराठीच होते, तरी त्यांना कळत नव्हतं, कारण ती त्यांची मराठी नव्हती. मी मध्ये उभी राहून सांगायला लागले तेव्हा गोळ्यांचा खप निम्म्यावर आला. तिकडे किलिफीत माणसं घरात गिर्यामा बोलतात, बाहेर स्वाहिली. आमची इंग्रजी एक शाळकरी मुलगा स्वाहिलीत करायचा आणि त्यांचं उत्तर परत इंग्रजीत. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरासमोर बाई आपल्या पाळीचं काय सांगणार?

बारा दिवसांत मी एकच शब्द नीट शिकले : पोले. तिथली नर्स जखम धुताना, सुई टोचताना, नुसतं कोणी ठेचकाळलं तरी ‘पोले’ म्हणते. आपल्याकडे ‘अगं बाई, लागलं का गं’ म्हणतात ना, तसं. त्या मुलीच्या गुडघ्याला पट्टी बांधून झाल्यावर मी तो पहिल्यांदा वापरला. ती रडायची थांबली आणि माझ्या उच्चाराला हसली. फोटो त्याच्या आधीचा आहे.

फलकावर आपण गोन्सालो गार्सियांना छापलंत. वसईत जन्मलेला हा मुलगा पोरवयात जपानला गेला, तिथली भाषा शिकला. पुढे फिलिपिन्सहून फ्रान्सिस्कन संन्यासी जपानला निघाले, तेव्हा ब्रदर गोन्सालोंना बरोबर घेतलं ते दुभाषी म्हणून. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला ते क्रुसावर गेले. तोवर त्यांच्या मिशनकार्याचं भांडवल जपानी भाषा हेच होतं. आणि आपल्या किनाऱ्यावर जे आले त्यांचं काय? इंग्लंडचे फादर स्टीफन्स १५७९ ला गोव्यात उतरले आणि १६१९ ला देह ठेवेपर्यंत परत गेले नाहीत. त्यांचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ आपण अजून वाचतो. कोणी बारा दिवसांसाठी आलं असेल तर त्याची आठवण इथे कोणाला आहे?

आणखी एक सांगते, कारण हे आपल्या युवकांना कोणी सांगत नाही. महाराष्ट्रातून त्याच किनाऱ्यावर ख्रिस्ती सेवक जाण्याची ही पहिली वेळ नाही. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं इंग्रजांनी मुंबईला उतरवली. त्यातली कित्येक नाशिकच्या शरणपूरला मिशनमध्ये वाढली, सुतारकी-लोहारकी शिकली. १८६४ च्या सुमारास त्यांतले जॉर्ज डेव्हिड, विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर मोम्बासाजवळच्या रबाईला गेले. पुढे १८७५ मध्ये मोम्बासासमोर फ्रेरटाउन वसलं ते मुक्त झालेल्या गुलामांसाठी, आणि तिथेही नाशिकहून आलेली ही माणसं होती. त्या वस्तीतल्या घंटेवरून त्या भागाला आजही केंगेलेनी म्हणतात. (घंटा म्हटलं की वसईकराचे कान टवकारतात. १७३९ ला चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हा इथल्या घंटा कुठेकुठे गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली त्यातलीच म्हणतात.) नाशिकहून गेलेली ती माणसं आपल्या पंथाची नव्हती, पण त्यांनी तिथे घरं केली. आमची गाडी केंगेलेनीवरून गेली तेव्हा मागे अंताक्षरी चालू होती.

तिसरी गोष्ट बालगृहाची. इथे मी जास्त शांतपणे लिहू शकत नाही, तरी प्रयत्न करते.

तीन दिवस आपली मुलं तिथे गेली. गाणी, खेळ, चित्रं, मिठी. बालगृहातली मुलं आमच्यासाठी बसवलेलं स्वागतगीत म्हणत होती आणि तिसऱ्या कडव्याला सगळ्यांचे हात एकाच वेळी वर जात होते. आमच्या आधी किती तुकड्यांसमोर गेले असतील? निघताना ती रडली, आपली मुलंही रडली. रडणं दोन्हीकडचं खरं होतं. आपल्या मुलांना घरी आल्यावर आई होती. त्या लेकरांना आठवडाभराने पुढची तुकडी.

फलकावरची मुलगी अनाथ नाही. तिची आई अर्ध्या तासाच्या अंतरावर राहते, सकाळी मांदाझी तळून विकते आणि दर रविवारी मिस्सानंतर लेकीला भेटायला येते. मी तिच्या हातची मांदाझी खाल्ली आहे. आपल्या फुग्यांची, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची, धाकटी बहीण म्हणा. शाळेची फी आणि दोन वेळचं जेवण मिळतं म्हणून तिने मुलीला तिथे ठेवलं. त्या पैशांत मूल आईजवळ राहिलं असतं का, हे आम्ही कोणी विचारलं नाही, कारण मुलं घरी गेली तर आम्ही भेटायचं कोणाला?

हे माझं एकटीचं मत नाही. केनिया सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली. २०२२ पासून त्यांचं दहा वर्षांचं धोरण आहे की मुलांना संस्थांतून काढून आपापल्या कुटुंबात, नातलगांत परत न्यायचं. अनाथाश्रमांतल्या अशा हौशी सेवेमुळे मुलांना होणारा अपाय रोखा, असं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१९ मध्ये ठराव करून सांगितलं. म्हणजे ज्या देशाची सेवा करायला आपण जातो, तो देश एक दिशा धरून चालला आहे आणि आपण चोवीस तिकिटं काढून उलट्या दिशेने निघालो आहोत. फोटोचं तर आपल्याच देशात बघा. बाल न्याय कायदा, २०१५, कलम ७४. बालगृहातल्या मुलाची ओळख पटेल असं काही छापता येत नाही. मुलगी केनियाची म्हणून तिला अब्रू नाही का?

वर्गाला रंग दिला त्याबद्दल एवढंच : आमच्यात एकही रंगारी नव्हता, आणि तिथले दोन रंगारी आंब्याखाली बसून आमच्याकडे बघत होते.

पैशांचं. माणशी एक लाख पस्तीस हजार, अठरा जणांचे चोवीस लाख तीस हजार. शिवाय खाद्यमेळ्यातून फुगे, सुकेळी, लोणची विकून जमलेलं वेगळं. पावशेर सुकेळीचे पैसे पाकिटात घालून देणाऱ्या विधवा मला माहीत आहेत. यातलं विमानाला किती, राहण्याला किती, आणि किलिफीत किती उरलं, हा हिशोब दहा महिने मी मागते आहे. तिथल्या नर्सला मी विचारलं होतं, तुला काय हवं? ती लाजली नाही. दाब मोजण्याच्या यंत्राचे मोठ्या मापाचे पट्टे. पावसाचं पाणी धरायला एक टाकी. आणि गावोगाव फिरणाऱ्या आरोग्यसेविकांना, आपल्या आशाताईंसारख्या, महिन्यातून एकदा बोलावून शिकवायचा प्रवासखर्च. ही यादी माझ्या अहवालात चौथ्या पानावर आहे.

काहीजण मला म्हणाले, आंटी, तुम्ही असं लिहा की आफ्रिकेला कशाला, आपल्याच तालुक्याच्या पूर्वेला पाडे आहेत, तिथे जा. मी तो सूर लावणार नाही. पाड्यांवर जायचं तर पाड्यांसाठी जावं, केनियाची तालीम म्हणून नव्हे. आणि दूरच्याची काळजी वाटणं ही काही चूक नाही. आम्हाला शिकवलं ते हेच.

माझ्या मागण्या सरळ आहेत.

एक. फलक या आठवड्यात उतरवा. तो फोटो पत्रकातून, व्हॉट्सॲप गटांतून, सगळीकडून काढा, आणि पुढे कोणत्याही मुलाचा चेहरा निधीसाठी वापरणार नाही असं लिहून द्या.

दोन. बालगृह कार्यक्रमातून वगळा. जे पैसे तिथे द्यायचे ते, तिथल्या धर्मप्रांताला विचारून, मुलं घरी परत नेण्याचं काम करणाऱ्यांना द्या. खेळायला कोणी जाऊ नका.

तीन. शिबिर रद्द करा. वैद्यकीय मदत करायचीच असेल तर तिथल्या दवाखान्याने लेखी मागितल्यावर, एक-दोन प्रशिक्षित माणसं, निदान तीन महिने, नोंदणी करून आणि तिथल्या नर्सच्या हाताखाली. मी जायला तयार आहे. तिकीट माझं मी काढीन.

चार. युवकांना न्यायचं तर न्या, पण त्याला ‘सेवा’ म्हणू नका, ‘भेट’ म्हणा. निघण्याआधी सहा महिने आठवड्याला दोन तास स्वाहिली. शिकवणारा मुंबईत मिळेल. मुंबईत केनियाचे विद्यार्थी असतात. ज्याला एवढा वेळ नाही त्याने येऊ नये. आणि चोवीस जण तिकडे जाण्यापेक्षा बारा जण जा, उरलेल्या पैशांत तिकडच्या बारा जणांना आपल्या सणाला वसईला बोलवा. आपल्या घरी राहू द्या, आपलं काय चुकतं ते त्यांनाही बघू द्या.

पाच. गेल्या दौऱ्याचा पै-पैचा हिशोब नाताळाआधी सूचनाफलकावर लावा.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर मी सभागृहात बसून राहीन. अहवालाच्या वीस प्रती काढल्या आहेत, आणि वही बरोबर असेल.

आपली,
धर्मग्रामातील एक निवृत्त परिचारिका

ता. क. वहीतली पानं मी फेब्रुवारीतच तिथल्या नर्सकडे पाठवली होती. ती ड्युटी संपल्यावर घरोघर जाऊन शोधते आहे. परवापर्यंत बावीस जण सापडले, जुन्या गोळीवर परत आले. नऊ राहिलेत. त्यांतल्या चौघांचं मी नुसतं पहिलं नाव लिहून ठेवलं होतं, रांग मोठी होती म्हणून.